घरची वीज आणि कारखान्याची मोटर



वसंतातल्या या व्याख्यानमालेत संतांवर बोलणारे येतात, राज्यघटनेवर, नाटकावर, इतिहासावर बोलणारे येतात. त्या रांगेत एका युनियनवाल्याने मोटरीवर बोलायला उभे राहावे, याचे कोणाला नवल वाटले तर तो दोष त्यांचा नव्हे. मी अभियंता नाही. माझी शाळा दहावीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते चिखल्याच्या मँगनीज खाणीच्या परिसरात, फिटर-वायरमन मित्रांच्या संगतीत आणि रात्री हाती येईल ते पुस्तक वाचून. गेली तीसेक वर्षे मी कामगारांची गाऱ्हाणी लिहितो, त्यांचे अर्ज करतो, त्यांच्यासाठी भांडतो. तरीही हा विषय मी निवडला, कारण या विषयात माझ्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत मी नव्हे, दुसऱ्याच कोणी मोजली. ती चूक आणि तिच्यातून शिकलेले, असे दोन्ही आपल्यापुढे ठेवतो.

चिखला हे भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले गाव. गोबरवाही, सीतासावंगी, नाकाडोंगरी, डोंगरी बुजुर्ग हा सगळा पट्टा मँगनीजचा. १९६२ साली मॉयल कंपनी स्थापन झाली. आमच्याकडच्या दोन पिढ्या तिच्या खाणीवर वाढल्या. चिखल्याची खाण भूमिगत आहे. खाली माणसे उतरवायची, खनिज वर ओढायचे, पाणी उपसायचे, हवा दाबून पाठवायची, ही सर्व कामे मोटरी करतात. त्यामुळे मोटर ही वस्तू आमच्या माणसाला परकी नाही. साठीला तो निवृत्त होतो, ग्रॅच्युइटीचे पैसे हाती येतात, आणि त्याच्या मनात येते की अंगणात एक लेथ टाकावा, ग्राइंडर बसवावा, किंवा मिरची कांडण्याचे यंत्र घ्यावे. तो भंगारवाल्याकडे जातो. तिथे जुनी यंत्रे स्वस्त मिळतात. पण जवळजवळ प्रत्येकाला थ्री-फेज मोटर असते. आणि घरात येते ती सिंगल-फेज वीज. इथे गाडी अडते.

आमच्या एका मृत सहकाऱ्याच्या पत्नीची गाडी इथेच अडली होती. या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली. त्या ताईंनी मिळालेल्या रकमेतून मिरची-हळद कांडण्याचे जुने यंत्र घेतले. त्याला तीन अश्वशक्तीची थ्री-फेज मोटर होती. त्या माझ्याकडे विचारायला आल्या. युनियनचा माणूस म्हणजे सगळे जाणणारा, अशी लोकांची समजूत असते आणि खोटे कशाला बोलू, ती समजूत आम्हाला आवडतेही. मी शेतकऱ्यांना कपॅसिटर लावून पंप चालवताना पाहिले होते. मी म्हणालो, "कंडेन्सर लावा, चालते." एका ओळखीच्या पोराने तो लावून दिला. मोटर रिकामी असताना फिरली. आम्ही नारळ फोडला. ऐन हंगामात यंत्रात मिरची पडू लागली तशी मोटर दमू लागली, तापू लागली, आणि चौथ्या दिवशी जळाली. वार्निशचा तो करपट वास मी अजून विसरलेलो नाही. ताईंचा हंगाम गेला. लोकांनी कांडायला दिलेली मिरची परत न्यावी लागली.

त्या मला रागाने काही बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाऊ, तुमाले मालूम नवतं त तसं सांगाचं होतं. मी आनखी चौघाइले इचारलं असतं."

हे वाक्य माझे गुरू झाले. त्यानंतर मी हा विषय शिकायला बसलो. तुमसरच्या एका वाइंडिंग करणाऱ्या कारागिरापाशी कित्येक रविवार घालवले. आता जे सांगतो ते त्या शिक्षणाचे सार आहे.

मोटर गुणगुणते, पण फिरत नाही

प्रथम हे पाहू की थ्री-फेज मोटरीला एकच फेज दिली तर ती नुसती गुणगुणत का राहते.

आपल्या घरची वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. तिच्या प्रवाहाने मोटरीच्या गुंडाळीत जे चुंबकत्व निर्माण होते तेही तसेच एका रेषेत पुढे-मागे होते. शिवणयंत्र आठवा. पायपट्टी नेमकी अशा जागी थांबलेली असते की पाय कितीही दाबला तरी चाक हलत नाही. मग आपण हाताने चाकाला थोडी गती देतो, आणि एकदा ते फिरले की पायाचा तोच वरखाली दाब त्याला फिरवत ठेवतो. एका फेजवर मोटरीचे तसेच होते. जोर आहे, पण दिशा नाही. तिला हाताने किंवा दोरीने फिरवून दिले तर ती फिरत राहते. उजवीकडे फिरवले तर उजवीकडे, डावीकडे फिरवले तर डावीकडे. न फिरवता तशीच ठेवली तर गुणगुणते, भरमसाट प्रवाह ओढते आणि थोड्याच वेळात जळते.

आता जाते आठवा. जात्याभोवती तीन बाया समान अंतरावर बसल्या आहेत आणि खुंटा आपल्यासमोर येताच प्रत्येकीने पाळीपाळीने तो पुढे सारायचा आहे. पहिलीचा हात सुटायच्या आत दुसरीचा लागतो, दुसरीचा सुटायच्या आत तिसरीचा. जाते कुठेच अडत नाही आणि ते कोणत्या बाजूला फिरायचे हेही पाळीच्या क्रमाने ठरते. थ्री-फेज वीज ती हीच. तीन तारांतल्या विजेचे ठेके एकमेकींच्या एक-तृतीयांश मागे असतात. मोटरीतल्या तीन गुंडाळ्यांना ते पाळीपाळीने मिळतात आणि आत एक फिरते चुंबकत्व तयार होते. मधला लोखंडी रोटर त्याच्या मागे ओढला जातो. दोन तारा अदलाबदल केल्या की क्रम उलटतो आणि मोटर उलटी फिरते.

या फिरत्या चुंबकत्वाचा शोध इटलीच्या गॅलिलिओ फेरारिस यांनी आणि स्वतंत्रपणे निकोला टेस्ला यांनी लावला. दोघांचेही काम १८८८ साली प्रसिद्ध झाले. तीन फेजांची, आज आपण वापरतो त्या धर्तीची मोटर डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी १८८९च्या सुमारास केली. १८९१ साली जर्मनीत लाउफेन येथे पाण्याच्या शक्तीवर केलेली थ्री-फेज वीज १७५ किलोमीटर दूर फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात आणून दाखवली गेली आणि पुढचा मार्ग ठरला. आपल्याकडे टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांत पोहोचली.

कामगाराच्या दृष्टीने या मोटरीची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वाफेच्या काळी एक बॉयलर, एक लांबलचक फिरता दांडा, त्यावर शेकडो पट्टे आणि पट्ट्यांच्या टोकाला कामगार, अशी व्यवस्था होती. शक्तीचे तुकडे करून ती घरी नेता येत नव्हती. मोटरीने ते शक्य केले. ब्रश नाही, आत स्विच नाही, बिघडायला फारसे काहीच नाही; दोन बेअरिंगे सांभाळली तर ती पिढीभर चालते. भंगारातली जुनी थ्री-फेज मोटरही म्हणूनच घेण्याजोगी असते.

खांबावर तीन, घरात एक

वीज तयार होते ती तीन फेजांत. आमच्या शेजारी तिरोड्याला आणि नागपूरजवळ कोराडीला मोठी औष्णिक केंद्रे आहेत; तिथूनही ती तीन फेजांतच निघते. गावातल्या रोहित्रापर्यंत ती तशीच येते. मग मात्र घरे वाटली जातात. तुमच्याकडे पहिली फेज, शेजाऱ्याकडे दुसरी, पलीकडे तिसरी. म्हणूनच कधी कधी आपल्या घरी अंधार आणि शेजारी उजेड असे दिसते.

फेज आणि न्यूट्रल यांच्यामधला दाब २३० व्होल्ट असतो. पण दोन वेगवेगळ्या फेजांमधला दाब त्याच्या १·७३२ पट, म्हणजे सुमारे ४०० व्होल्ट भरतो. हा फरक नीट ध्यानात घ्यावा, कारण माझी सगळी चूक या फरकात होती.

२००५ साली राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी झाली. त्यानंतरच्या भारनियमनाच्या दिवसांत अनेक भागांत गावाला दिव्यापुरती सिंगल-फेज वीज मिळे आणि पंपांची थ्री-फेज वीज ठरावीक तासच येई. उभे पीक वाळताना पाहणाऱ्या काही शेतकऱ्यांनी कपॅसिटर लावून पंप चालवले. त्यात मोटरी जळाल्या, रोहित्रे जळाली, गावाचे दिवे मंद झाले. पुढे गावठाणाची आणि शेतीची वीजवाहिनी वेगळी करण्याच्या योजना आल्या त्यामागे हेही एक कारण होते. शेतकऱ्याला दोष देणे मला जमत नाही. मुद्दा वेगळा आहे. शेतकऱ्याच्या खांबावर जी युक्ती चालली ती तिथे उरलेल्या जिवंत तारांमधल्या चढ्या दाबावर. ताईंच्या घरात होते फक्त २३० व्होल्ट. युक्ती तीच, पण तिच्याखालची जमीन वेगळी होती.

मोटरीचा फिरवण्याचा जोर दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ४०० व्होल्टांसाठी बांधलेल्या गुंडाळीला २३० दिले तर दाब १·७३२ पटींनी घटतो आणि जोर तिपटीने. तीन अश्वशक्तीच्या मोटरीचा जोर असा एक-तृतीयांशावर आला. कपॅसिटरने केलेली तिसरी फेज अपुरी असते, त्यामुळे तो आणखी कमी झाला. रिकामे यंत्र फिरवायला तो पुरला. मिरची पडताच मोटर मंदावली, मंदावताच प्रवाह वाढला, प्रवाहाने गुंडाळी तापली. यात नशिबाचा काही भाग नव्हता. मोटरीच्या अंगावरची पाटी मी वाचली असती तर हे मला आधीच कळले असते.

पाटी वाचावी कशी

प्रत्येक मोटरीवर एक लहान पाटी असते. तिच्यावर अश्वशक्ती किंवा किलोवॅट, व्होल्ट, अँपिअर, फेरे आणि जोडणीची खूण असते. जोडणी दोन प्रकारची असते. स्टार जोडणीत तिन्ही गुंडाळ्यांची एकेक टोके एकत्र बांधलेली असतात. दोन फेजांमध्ये ४०० व्होल्ट असले तरी प्रत्येक गुंडाळीला २३०च मिळतात. डेल्टा जोडणीत गुंडाळ्या त्रिकोणासारख्या एकीला एक जोडलेल्या असतात आणि प्रत्येकीला पूर्ण ४०० व्होल्ट मिळतात.

आपल्या देशात साधारणतः दोन अश्वशक्तीपर्यंतच्या मोटरी स्टारमध्ये आणि तीन वा त्याहून मोठ्या मोटरी डेल्टामध्ये बांधलेल्या आढळतात. याचा अर्थ असा की लहान मोटरीची गुंडाळी मुळातच २३० व्होल्टांची असते. तिची जोडपेटी उघडून पितळी पट्ट्या स्टारवरून डेल्टावर बदलल्या की ती घरच्या दाबावर पूर्ण जोराने चालण्यास योग्य होते. पेटीत सहा टोके असतील तर हे काम पाच मिनिटांचे आहे. तीनच टोके बाहेर असतील तर वाइंडिंगवाल्याकडून आतली गाठ सोडवून घ्यावी लागते. मोठी मोटर मात्र आधीच डेल्टात असते. तिला घरच्या दाबावर आणायचे तर पुन्हा गुंडाळावी लागते किंवा दाब वाढवणारे रोहित्र मध्ये घालावे लागते, आणि तो खर्च बहुधा परवडत नाही.

म्हणून पहिला नियम असा की भंगारवाल्याला पैसे देण्याआधी पाटी वाचावी.

तीन वाटा

आता मोटर लहान आहे, जोडणी डेल्टा केली आहे आणि घरी एकच फेज आहे. उरलेला ठेका आणायचा कुठून? तीन वाटा आहेत.

पहिली वाट कपॅसिटरची. कपॅसिटरमधून जाणारा प्रवाह दाबाच्या पुढे धावतो. मोटरीच्या दोन टोकांना फेज आणि न्यूट्रल जोडून तिसऱ्या टोकाला कपॅसिटरमधून वीज दिली की त्या टोकाचा ठेका वेगळ्या वेळी पडतो आणि जात्याला दुसरा हात मिळतो. या जोडणीला चार्ल्स स्टाइनमेट्झ यांचे नाव आहे. समाजवादी मतांमुळे १८८८ साली त्यांना जर्मनी सोडावी लागली आणि पुढे अमेरिकेत ते विजेच्या गणिताचे थोर पंडित ठरले. एका युनियनवाल्याला हे नाव घेताना थोडा आनंद होतो, तो आपण क्षम्य मानावा.

२३० व्होल्टांवर दर किलोवॅटला सुमारे ७० मायक्रोफॅरड असा ढोबळ हिशेब आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. तिला पन्नासेक मायक्रोफॅरड लागतात, दोन अश्वशक्तीला शंभराच्या आसपास. कपॅसिटर सतत चालण्याजोगा आणि ४४० व्होल्टांचा असावा. सुरुवातीला जोर हवा असेल तर काही सेकंदांपुरता आणखी एक मोठा कपॅसिटर जोडतात आणि वेग येताच तो सोडवतात. तो तसाच राहिला तर फुटतो. या वाटेने मोटरीच्या सुमारे ७० टक्के शक्ती मिळते. कपॅसिटर एका ठरावीक भाराला जुळवलेला असतो. भार बदलला की तिन्ही गुंडाळ्यांतला समतोल बिघडतो आणि रिकामी फिरतानाही एखादी गुंडाळी तापते. पंखा, पॉलिशचे चाक, लहान ग्राइंडर अशा हलक्या, एकसारख्या कामाला ही वाट ठीक आहे. भरल्या यंत्राने सुरू होणाऱ्या कामाला ती योग्य नाही.

दुसरी वाट फिरत्या कन्व्हर्टरची. एक मोठी थ्री-फेज मोटर कपॅसिटरने किंवा दोरीने फिरवून रिकामी चालू ठेवायची. फिरता फिरता ती आपल्या मोकळ्या गुंडाळीत तिसरा ठेका स्वतःच निर्माण करते आणि त्या तीन टोकांवर दुसरी मोटर चालते. रिकामी मोटर कामाच्या मोटरीच्या निदान दीडपट असावी. एकाच कन्व्हर्टरवर लेथ आणि ड्रिल आळीपाळीने चालवता येतात. मात्र आवाज, जागा आणि दिवसभराची वीज यांचा हिशेब आधी करावा.

ही युक्ती गावठी आहे असे कोणी समजू नये. तुमसर रोड स्टेशनवर उभे राहून हावडा-मुंबई मार्गावरच्या मालगाड्या आपण पाहतो. वरच्या तारेत २५,००० व्होल्टांची असते ती एकच फेज. पण इंजिनातले पंखे आणि कॉम्प्रेसर यांना थ्री-फेज मोटरी असतात. वॅग-५ सारख्या इंजिनांत त्यासाठी आर्नो कन्व्हर्टर नावाचे यंत्र बसवलेले होते. रिकार्डो आर्नो या इटालियन अभियंत्याच्या नावाचे ते यंत्र म्हणजे वर सांगितलेली रिकामी फिरणारी मोटरच होय. त्यापुढची, वॅग-९ जातीची इंजिने १९९०च्या दशकात आली. त्यांची तर चाके फिरवणाऱ्या मोटरीच थ्री-फेज आहेत, सगळ्या मिळून सहा हजारांहून अधिक अश्वशक्तीच्या. आणि वीज तीच, एका फेजेची. मात्र ते काम तिसऱ्या वाटेने होते.

तिसरी वाट ड्राइव्हची. बाजारात तिला व्हीएफडी म्हणतात. ही पेटी घरची वीज आधी सरळ एका दिशेची करते आणि मग इलेक्ट्रॉनिक स्विचांनी तिचे तुकडे पाडून तीन बरोबर ठेक्यांची नवी वीज घडवते. मोटरीला खरी, समतोल थ्री-फेज मिळते. मोटर हळू सुरू होते, म्हणून घरचे फ्यूज उडत नाहीत आणि शेजाऱ्याचा दिवा लवत नाही. फेरे कमी-जास्त करता येतात, उलट फिरवता येते. लेथवाल्याला याहून अधिक काय हवे! दोन-तीन अश्वशक्तीपर्यंत सिंगल-फेजवर चालणाऱ्या पेट्या सहज मिळतात. पण साधी पेटी आपल्याला मिळालेला दाब वाढवत नाही. २३० आत गेले तर बाहेरही २३०च; तेव्हा मोटर डेल्टात २३० व्होल्टांचीच हवी. पेटी आणि मोटर यांच्यामध्ये स्विच घालू नये. चालू-बंद पेटीनेच करावे. फार हळू फिरवली तर मोटरीचा पंखाही हळू फिरतो आणि ती तापते. आणि खनिजाच्या धुळीत पेटी उघडी ठेवू नये.

या तिन्ही वाटांना जोडून एक साधा सल्लाही द्यायला हवा. यंत्र लहान आहे आणि काम एकच आहे, तर पुष्कळदा थ्री-फेज मोटर काढून सिंगल-फेज मोटर बसवणे हेच सर्वांत स्वस्त पडते. युक्तीचा मोह आवरणे हीदेखील कारागिरीच आहे.

जीव आणि कायदा

दोन अश्वशक्तीची मोटर घरच्या विजेवर पूर्ण भाराने सुमारे दहा अँपिअर घेते. थेट चालू केली तर क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. दिव्यांसाठी ओढलेल्या बारीक तारेवर हे लादणे म्हणजे भिंतीत निखारा ठेवणे. मोटरीला मीटरपासून वेगळी जाड तार, वेगळा ब्रेकर आणि पक्के अर्थिंग हवे. न्यूट्रललाच अर्थ समजून यंत्राच्या अंगाला जोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. न्यूट्रल कुठे सुटला की यंत्राच्या अंगात पूर्ण दाब येतो आणि हात लावणारा माणूस त्या विजेची वाट बनतो. ३० मिलिअँपिअरचा गळती-ब्रेकर बसवावा. कपॅसिटर आणि ड्राइव्हची पेटी वीज बंद केल्यावरही भरलेली राहतात. आत तीनशे व्होल्टांच्या वर दाब असू शकतो. कपॅसिटरच्या दोन टोकांत तो रिता करणारा रेझिस्टन्स कायम असावा, आणि पेटी उघडण्याआधी निदान पाच मिनिटे थांबावे. शेजाऱ्याच्या घरून दुसरी फेज ओढून आणण्याची कल्पना कोणाच्या मनात आली असेल, तर ती इथेच सोडावी. ती बेकायदा तर आहेच. शिवाय एका घरचा स्विच बंद केला तरी दुसऱ्या घरची तार जिवंतच राहते.

हे जोडणीचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. मी जे सांगितले ते स्वतः पक्कड हाती घेण्यासाठी नसून पक्कड धरणाऱ्याला योग्य प्रश्न विचारता यावेत यासाठी आहे.

कायद्याचेही थोडे पाहू. २००३च्या वीज कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे मागणी करणाऱ्याला वीज देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. नवी वाहिनी टाकावी लागणार नसेल तर अर्जापासून एक महिन्यात. उशीर झाला तर कलम ४२ खाली ग्राहक गाऱ्हाणे मंच आहे. दुसऱ्या बाजूला कलम १२६ आहे: मंजूर कारणाहून वेगळ्या कारणासाठी वीज वापरली तर दुप्पट दराने आकारणी होते, आणि वापर कधीपासून ते ठरवता आले नाही तर मागच्या बारा महिन्यांची. राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या अलीकडच्या काही दरपत्रकांत, घराच्या एका भागात लहान धंदा करणाऱ्याला महिना ३०० युनिटांपर्यंत आणि वर्षाला ३,६०० युनिटांपर्यंत घरगुती दराची सवलत होती. दरपत्रक बदलत असते. चालू वर्षाचे कार्यालयातून लेखी पाहून घ्यावे. धंदा वाढणार असेल, यंत्र तीन अश्वशक्तीचे वा मोठे असेल, तर सरळ थ्री-फेज जोडणीचा अर्ज करावा. तिथे वरच्या तिन्ही युक्त्यांची गरजच उरत नाही.

ताईंच्या बाबतीत अखेर आम्ही हेच केले. सहकाऱ्यांनी वर्गणी काढली, माझा वाटा त्यात मोठा होता आणि तसा तो असायलाच हवा होता. तुमसरच्या कारागिराने मोटर पुन्हा गुंडाळून दिली. थ्री-फेज जोडणीचा अर्ज मी लिहिला, आणि जोडणी येईपर्यंत पाठपुरावा केला. पुढच्या हंगामात यंत्र चालले. नारळ मात्र या वेळी मिरचीचे पहिले पोते कांडून झाल्यावर फोडला.

त्यानंतर माझ्या कामात एक बदल झाला. आमच्या कार्यालयात कोणी मोटरीचे, पेन्शनचे किंवा कोर्टाचे काही विचारायला आला आणि मला ते ठाऊक नसले, तर मी आधी तसे सांगतो. मग दोघे मिळून ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे जातो. ज्याच्या शब्दावर चार माणसे विसंबतात त्याने न कळणाऱ्या गोष्टीत होकार देणे हे कमजोर गुंडाळीवर भार टाकण्यासारखे आहे. रिकामे असेतो सगळे ठीक दिसते; भार पडला की जळते, आणि जळते ते दुसऱ्याचे.

 घरी गेल्यावर एखाद्या मोटरीची पाटी तेवढी वाचून पाहा, ही विनंती करतो आणि आपली रजा घेतो.